वैशाखातली भरली नदी

औंढ्याला नागनाथाच्या देवळातून भर दुपारी अनवाणी बाहेर पडलं, की पहिला पाय दगडी फरशीवर टेकतो आणि तिथून सावलीपर्यंत माणूस पळतच जातो. वैशाखात ही फरशी तव्यासारखी तापते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जाऊन बसतो, कयाधूच्या पात्रात वाळू आणि बाभळीची रोपं उरतात. सकाळी दहानंतर बाजारातली माणसंही हळू आवाजात बोलू लागतात. याच दिवसांत हिंगोलीच्या रस्त्यांवर ट्रॅव्हल्सवाल्यांचे फ्लेक्स लागतात. शिमला-कुलू-मनाली, काश्मीर, चारधाम. फ्लेक्सवर हमखास एक चित्र असतं: लाल जाकीट घातलेलं, पायांना स्की बांधलेलं एक पोर पांढऱ्याशुभ्र उतारावरून घसरत येतंय.

या चित्रापाशी मी कितीतरी वर्षं अडून राहिलो आहे. स्कीचा हंगाम असतो जानेवारी ते मार्च. आपल्या पोरांची सुट्टी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे आमच्या भागातली कुटुंबं ज्या वेळी तिथे पोचतात, त्या वेळी मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर हिरवं गवत असतं, घोडी चरत असतात आणि आकाशात पॅराग्लायडर फिरत असतात. तरी लोक जातात, कर्ज न काढता, चार-चार वर्षं पैसे साठवून जातात, आणि परत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात काही तरी बदललेलं असतं. ते काय असतं, हे मला माझ्याच घरात २०१८च्या मे महिन्यात कळलं.

आमच्याकडे डोंगरावर जायची सवय जुनी आहे, फक्त तिला सुट्टी हे नाव नव्हतं. ती यात्रा होती. औंढ्याचा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवा मानला जातो, आणि ज्याच्या घरचा देव ज्योतिर्लिंग, त्याला उरलेली अकरा खुणावत राहतात. त्यांतलं केदारनाथ ३,५८३ मीटरवर, बर्फाच्या कुशीत. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली, अरुंद वाटेने अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. केदारला उलट, गौरीकुंडापासून चढतच जायचं. आमचे आजोबा १९८७ साली चारधामला गेले होते. बसने महिनाभर. सोबत पिठाचा डबा, रॉकेलचा स्टोव्ह, येसराची पुडी आणि उपरण्याच्या टोकाला बांधलेला कापूर. उंचीवर धाप लागली की कापूर हुंगायचा, हा घरगुती उपाय तेव्हाही करत, आजही करतात. परतल्यावर मावंदं घातलं, गाव जेवलं, गंगाजलाचा तांब्याचा गडू देवघरात ठेवला. बर्फाबद्दल ते एवढंच बोलले, की पाय बधिर झाले होते आणि दर्शन छान झालं.

त्या यात्रेत आजी नव्हती. आम्ही तिला जिजी म्हणतो. म्हशी होत्या, लहान आत्या होत्या, म्हणून ती राहिली. घरातून डोंगरावर एक जण जाई आणि बाकीचे त्याची वाट पाहत. सगळं घर एकदम उठून, कुठल्याही देवाचं निमित्त न करता, थंड हवेत आठ दिवस बसायला जाईल, ही कल्पनाच नव्हती. म्हणून मला आमच्याकडची उन्हाळी सहल ही यात्रेचीच पुढची पायरी वाटते. देव काढून घेतला तरी जायचं कारण उरतं, हे घराला पहिल्यांदा कळतं.

आता उन्हाळा म्हणजे सुट्टी, हे शहरातलं गणित. आमच्या जिल्ह्यात उन्हाळा कामाचा. हिंगोली-वसमतचा पट्टा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीपासून काढणी, मग कुकरमध्ये शिजवणं, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवणं, मग ढोलात घालून पॉलिश, आणि शेवटी हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटला वाहनांची रांग. पैसा हातात येतो तो एप्रिलमध्ये किंवा त्याही पुढे. आणि अक्षय्य तृतीयेपासून नव्या लागवडीची घाई सुरू होते. या दोन कामांच्या मधे जी फट उरते, तिच्यात लग्नं, नांगरट आणि बियाण्याची जुळवाजुळव बसवायची. सहल बसवायची तर ती त्याच फटीत.

बायकांचा उन्हाळा आणखी वेगळा. कुरडया, पापड, शेवया, खारोड्या, कैरीचं लोणचं, वर्षाचं तिखट. गच्चीवर साड्या अंथरून वाळवण घालायचं आणि कावळे हाकत बसायचं. त्या वर्षी आईने आणि काकूने सगळं वाळवण मार्चमध्येच उरकलं. ऊन पुरेसं नाही म्हणून कुरडया दोनदा वाळवल्या. लोणचं तेवढं राहिलं, कारण कैऱ्या आपल्या वेळेनेच येतात.

आम्ही अकरा जण निघालो. बारावे काका घरी राहिले. सात जनावरं, एक बोअर आणि नुकतीच केलेली मशागत. कोणाला तरी राहावंच लागतं. गावाकडच्या प्रत्येक सहलीत असा एक माणूस मागे असतो आणि फोटोत तो कधी दिसत नाही.

मराठवाड्यातून उत्तरेला जायची आमची गाडी म्हणजे सचखंड एक्सप्रेस. नांदेडहून सकाळी सुटते, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), मनमाड करत दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली आणि पुढे अमृतसर. हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेली शीख कुटुंबं डब्यात असतात आणि वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी बादल्या घेऊन लंगर वाढतात. जिजीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं पाच दिवसांचं बांधून घेतलं होतं. त्यातलं निम्मं शेजारच्या सरदारजींच्या नातवंडांनी संपवलं आणि त्यांच्या डब्यातली कढी आमच्याकडे आली. या वाटेने आमच्या भागातला माणूस सातशे वर्षांपूर्वीही गेला आहे. नरसीचे नामदेव. औंढ्यातच त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले अशी परंपरा सांगते, आणि उत्तरायुष्यात ते पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आमच्याकडचे कितीतरी शिक्षक पहिल्यांदा दिल्लीपलीकडे गेले. सरदारजींना जिजी नरसीजवळची आहे हे कळल्यावर त्यांनी उठून तिला नमस्कार केला. ती गांगरली. तिच्या गावाच्या नावाला इतक्या लांब कोणी हात जोडेल, हे तिला माहीत नव्हतं.

दिल्लीहून रात्रीची बस. पहाटे मंडीच्या पुढे कुठेतरी डोळा उघडला तो आवाजाने. रस्त्याच्या कडेला, खाली, अंधारात काहीतरी सतत गर्जत होतं. मला वाटलं पाऊस. जिजी खिडकीला नाक लावून बसली होती. उजाडलं तसं दिसलं: बियास. हिरवट-पांढरं पाणी, दगडांवर आपटत, काठोकाठ.

"मायबाई," ती म्हणाली, "वैशाखात एवढं पाणी कुठून यायलंय रे?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. हिमालयातल्या नद्या बारमाही असतात, दख्खनच्या नद्या पावसावर अवलंबून असतात, हे वाक्य मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. त्या पहाटे ते वाक्य मला पहिल्यांदा दिसलं. आमच्याकडे पाणी वरून पडतं, आणि पडलं त्याच चार महिन्यांत ते अडवलं तर अडवलं. पूर्णेवर येलदरी आणि आमच्या औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर ही धरणं त्यासाठीच बांधली. इथे डोंगरच धरण आहे. हिवाळ्यात पडलेलं पाणी तो घट्ट करून डोक्यावर धरून ठेवतो आणि ऊन चढेल तसं थोडं थोडं सोडतो. म्हणजे आपली नदी ज्या उन्हाने आटते, त्याच उन्हाने ही नदी भरते. जिजीला हे सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ विचार करून विचारलं, "मग ऊन वाईट नाही म्हणायचं का हिकडं?"

बर्फ आम्ही मनालीतल्या चौथ्या दिवशी पाहिला. रोहतांगला. मनालीपासून एक्कावन्न किलोमीटर, ३,९७८ मीटर. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर तिथे दिवसाला बाराशेच गाड्या जाऊ शकतात, आठशे पेट्रोलच्या, चारशे डिझेलच्या. मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी बंद. म्हणून पहाटे तीनला निघायचं. वाटेत दोन्ही बाजूंना भाड्याच्या कपड्यांची दुकानं, प्रत्येकाला नंबर, आत रांगेने टांगलेले जाडजूड कोट आणि गमबूट. जिजीने लुगड्यावर कोट चढवला, काष्टा खोचून गमबूट घातले आणि काठी टेकत अशी निघाली की मागच्या कुटुंबाने तिच्यासोबत फोटो मागितला.

वर सीमा रस्ते संघटनेने रस्ता मोकळा करताना बर्फ कापून ठेवलेला असतो. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच पांढऱ्या भिंती. पण मेमधला बर्फ फ्लेक्सवरच्या कापसासारखा नसतो. तो जाड्या मिठासारखा, दाणेदार, कडेला मातीने काळवंडलेला असतो. माझ्या पुतणीने मूठभर उचलून तोंडात घातला आणि "दगड लागला" म्हणून थुंकला. मग ती टायरच्या ट्यूबमध्ये बसून सोळा वेळा घसरली. माझा लहान भाऊ स्की बांधून उभा राहिला. त्याला धरणारा तिथला मुलगा विशीतला, हिवाळ्यात सोलंगला शिकवतो, घरी सफरचंदाची बाग. गुडघे वाकवा, समोर पाहा, टाचा बाहेर, पुढची टोकं जवळ आणा म्हणजे वेग कमी होईल. एवढं शिकून भाऊ वीस-पंचवीस मीटर न पडता गेला. उभ्या आयुष्यात त्याचं तेवढंच स्की झालं आहे आणि तो अजून ते पाऊल न पाऊल सांगतो.

पण माझ्या लक्षात राहिलं ते याच्या आधीच्या दिवसांतलं. मनालीला पहिल्या सकाळी आई नेहमीप्रमाणे पाचला उठली. चूल नाही, सडा नाही, डबा नाही. हॉटेलच्या सज्जात ती खुर्चीत बसली आणि समोरच्या देवदारांकडे पाहत राहिली. मी सहाला उठलो तेव्हाही तशीच. "काय करावं कळंना गेलं," ती म्हणाली, "म्हणून बसले." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाचला उठून तिथेच बसली, तिसऱ्या दिवशी शाल आणि चहा घेऊन. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला असा सकाळचा तास मिळाला नव्हता. सहलीचं पुस्तक कोणी लिहायला घेतलं तर मी म्हणेन, या तासापासून सुरू करा.

मनालीत जिजीला परकं वाटलं नाही याला कारण होतं. ढुंगरीच्या देवदारवनात हडिंबा देवीचं लाकडी देऊळ आहे, १५५३ साली बांधलेलं. भीमाची बायको हिडिंबा तीच. आणि औंढ्याचं देऊळ तर पांडवांनी वनवासात बांधलं, अशी आमच्याकडची दृढ समजूत. इतिहास ते यादवकाळातलं सांगतो, वरचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातला. पण जिजीला धर्मराजाच्या गावाहून आपण भीमाच्या सासुरवाडीला आलो आहोत हे पक्कं कळलं आणि तिने देवीची ओटी भरली. ज्या दारुकावनात नागेश आहे म्हणतात ते नेमकं कोणतं, यावर जुना वाद आहे. आम्ही औंढा म्हणतो, गुजरात द्वारकेजवळचं नागेश्वर म्हणतं, आणि कुमाऊंतले लोक अल्मोड्याजवळचं जागेश्वर म्हणतात, जे देवदारांच्या दाट रानात उभं आहे. संस्कृतात ‘दारु’ म्हणजे देवदारही. त्या झाडांखाली उभा असताना मला हा वाद जिंकावासा वाटला नाही.

खरं तर डोंगरावरच्या सुट्टीत उन्हाळाच आधीचा आहे, स्की नंतरची. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला लोक उन्हाळ्यातच जायचे; तिथला हॉटेलवाला योहानेस बाद्रुट याने १८६४ मध्ये आपल्या इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात येऊन पाहण्याची पैज लावली आणि तिथून हिवाळी हंगाम सुरू झाला, अशी कथा सांगतात. त्याच १८६४ साली शिमला ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाली. गुलमर्गला इंग्रज उन्हाळ्यात येत; तिथे स्की क्लब निघाला तो १९२७ मध्ये. आज गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर, जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो, आणि जूनमध्येही वर बर्फाचे पट्टे सापडतात. परदेशी सहलीला जाणारी पुण्या-मुंबईची मराठी कुटुंबं १९१२ पासून चालणाऱ्या रेल्वेने युंगफ्राऊयोखला नाहीतर फिरत्या केबल कारने टिटलिसला जातात, तेही मे महिन्यातच, आणि खाली आल्यावर सहलीच्या स्वयंपाक्याच्या हातचं वरण-भात जेवतात. आमच्याकडे ज्यांना एवढं लांब जाता येत नव्हतं त्यांना पूर्वी चिखलदरा होतं. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ते इंग्रजांना दाखवलं. त्याच फौजेची एक छावणी आमच्या हिंगोलीत होती. उन्हाने जेरीस आलेले हिंगोलीतले गोरे अधिकारी थंड हवेचं नाव कसं काढत असतील, ते मला समजू शकतं.

यात्रा आणि स्की एकाच रस्त्यावर भेटतात ते जोशीमठला. बद्रीनाथच्या वाटेवरचं हे गाव. तिथून सुमारे चार किलोमीटरचा रोपवे औलीच्या स्की-उतारावर जायचा. चारधामला निघालेली आमच्याकडची कितीतरी कुटुंबं एक दिवस काढून औलीला जायची. आजी-आजोबांना बद्रीनारायण, नातवंडांना पाळणा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले, माणसं घरं सोडून बाहेर पडली आणि रोपवे थांबला. डोंगर किती भार सोसू शकतो हा प्रश्न त्या गावाच्या भिंतींवर उघड लिहिला गेला. आपण पर्यटक म्हणून त्या भाराचा भाग आहोत, हे मला अजून टोचतं.

आणि २०२५. बावीस एप्रिलला पहलगामच्या बैसरन कुरणात सहलीला आलेल्या माणसांवर गोळ्या चालवल्या गेल्या. सव्वीस जणांचा जीव गेला. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. कुटुंबासोबत आलेले, सुट्टीवर आलेले. त्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी काश्मीरचं आरक्षण रद्द केलं. एकाच्या मुलीने नवे लोकरी हातमोजे आणून ठेवले होते. ते मोजे तिने कपाटात ठेवले नाहीत, दप्तरात ठेवले. मला त्या मृत माणसांची ओळख नाही, पण त्यांनी त्या सकाळी काय केलं असेल ते मी जाणतो: घोडेवाल्याशी भाव केला असेल, मुलांना टोपी घाल म्हणून रागावले असतील, गावाकडे फोन करून इथं किती गार आहे ते सांगितलं असेल. आपण सगळे तेच करतो.

बर्फही पूर्वीसारखा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग ऐन हिवाळ्यात कोरडं होतं, तपकिरी गवताचे फोटो देशभर फिरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, तरी २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फ नाही म्हणून रद्द झाल्या. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं, की हिंदुकुश-हिमालयात त्या हिवाळ्यात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी होतं, तेवीस वर्षांतलं सर्वांत कमी. स्कीवाल्यांचा हंगाम बुडतो, ही त्यातली लहान गोष्ट. जिजीने पहाटे खिडकीतून पाहिलेली नदी त्या बर्फाची आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात नदी नसणं म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून मला वाटतं, हिमालयातल्या बर्फाची काळजी आमच्याइतकी कोणाला कळणार नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटर. आता मनालीहून निघालेली कुटुंबं रोहतांग न चढता पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू-कोकसरला जातात, तिथे बर्फ लवकर हाती लागतो. पुतणी आता बारावीला आहे, तिला तो बोगदा बघायचा आहे. जिजी नाही म्हणते, तिचं पाहून झालं.

आम्ही त्या वर्षी परत आलो तेव्हा वैशाख संपत आला होता. परभणी स्टेशनवर उतरल्यावर उन्हाची झळ तोंडावर बसली आणि कोणीच काही बोललं नाही. घरी काका ओसरीवर बसले होते. बोअरचं पाणी खाली गेलं होतं, जनावरांचा हौद टँकरने भरून घेतला होता. लागवडीसाठी बेणं सावलीत झाकून ठेवलेलं होतं. आम्ही त्यांच्यासाठी कुलूची टोपी आणली होती, ती त्यांनी डोक्यावर ठेवून पाहिली आणि खुंटीला अडकवली. पोरं एकदम बोलू लागली. बर्फाच्या भिंती, ट्यूब, गमबूट. भावाने स्कीचे पंचवीस मीटर सांगितले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला जवळ बोलावलं.

"बर्फ ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नदीला पाणी व्हतं म्हणतेत. या दिवसात. खरं हाय का?"

"खरं आहे, काका. थांबा, दाखवतो तुम्हाला."

मोबाईलमध्ये बियासचा एक व्हिडिओ होता, पुलावरून घेतलेला, चाळीस-बेचाळीस सेकंदांचा. उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून त्यांनी हाताची सावली केली. एकदा पाहिला. मग पडदा बघणं सोडून त्यांनी मोबाईल कानाला लावला आणि डोळे मिटले. संपल्यावर तो माझ्याकडे धरला.

"परत लाव," ते म्हणाले.